पहिली वीस मिनिटं

दादानं सोनेरी डबा बाकावर असा ठेवला, जणू जावईच आणून बसवला.

"सगळ्यात महागडं ऑइल आहे, चिमे. पाण्यासारखं पातळ. ऑइल कंपनीचे साहेब अकरा वाजता फोटोग्राफर घेऊन येतायत. गाडीचा पहिला स्टार्ट याच ऑइलवर. मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. इंजिन मी बांधलंय," चिमटी म्हणाली आणि हात पुसत राहिली.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी इंजिनात पडलेला नट तिच्याच बारीक हाताला सापडायचा, म्हणून अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ते चिकटवलं. आता ती अडतीस वर्षांची होती, तरी अण्णांच्या गॅरेजमध्ये तिच्या वाट्याला पडलेले नट शोधणं आणि सुटे भाग रॉकेलमध्ये धुणं यापलीकडे काही आलं नव्हतं. अण्णांची तरुणपणची मोटार दहा वर्षं बंद पडून होती. आठ महिन्यांपूर्वी चिमटी तिचं इंजिन नव्यानं बांधायचं म्हणून हटूनच बसली, तेव्हा अण्णा म्हणाले, "बांध. पण बिघडलं, तर पुन्हा इंजिनाला हात लावायचा नाही." दादाला असली अट कधी कुणी घातली नाही. तीन इंजिनांची वाट लावून तो नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये साहेब झाला होता.

"तुझं ऑइल चांगलंच आहे रे, पण आजकालच्या गाड्यांना. यात फिरता कॅम थेट झडपा उचलणाऱ्या टॅपेटवर घासतो, आणि दोन्ही नवे आहेत. पहिल्या वीस मिनिटांत जुळले तर जन्मभर चालतील, नाहीतर एकमेकांना खाऊन टाकतील. त्यांना जाड, साधं, भरपूर जस्त घातलेलं ऑइल लागतं. ते मी आणून ठेवलंय."

"जस्त! आता ही मला शिकवणार!" दादानं अण्णांकडे पाहिलं.

"तो म्हणतोय तर घाल की," म्हणून अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. चिमटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं वाद घातला नाही. पाना घेऊन गाडीखाली शिरली, दोन मिनिटांत बाहेर आली आणि चहाला निघून गेली.

भावाला ती पुरती ओळखून होती. तिची पाठ वळताच त्यानं अख्खा डबा इंजिनात रिकामा केला. ती परतली तेव्हा स्वारी ऑइलच्या थारोळ्यात उभी होती, कोऱ्या बुटांसकट.

"गळतंय! फुटकं इंजिन बांधलंय हिनं!"

चिमटीनं खिशातून ऑइल चेंबरच्या तळाचा नट काढून दाखवला. अण्णांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

उरलंसुरलं निथळल्यावर तिनं नट आवळला आणि आपलं ऑइल भरलं. अकराला साहेब आले, त्यांच्यासमोरच तिनं स्टार्टर मारला. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. तिनं रेस वाढवली आणि पाय तसाच दाबून धरला. छपराचे पत्रे थरथरायला लागले.

"स्लो कर! बोलता येत नाहीये!" दादा ओरडला.

"स्लोवर कॅमला पुरेसं ऑइल मिळत नाही! वीस मिनिटं थांबा!"

साहेब कानांत बोटं घालून पाच मिनिटं थांबले आणि चालते झाले. दादा त्यांच्यामागे धावला. मग अण्णा आले. त्यांनी गाडीच्या दारावर थाप मारली.

"बंद कर. मी सांगतोय."

अण्णांचा शब्द घरात आजवर कुणी मोडला नव्हता. चिमटीच्या पायाला गोळा आला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही नुसत्या धुरानं नव्हतं.

"अजून अकरा मिनिटं, अण्णा. पुन्हा हात लावू दिला नाहीत तरी चालेल. पण याला मी मरू देणार नाही."

अण्णा तिथंच उभे राहिले. वेळ झाल्यावर तिनं पाय उचलला आणि इंजिनाचा आवाज अलगद खाली आला, ते एका लयीत चालू लागलं. अण्णांनी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाच्या झाकणावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि आठही टॅपेट एकेक करून ऐकले. तिसऱ्यापाशी परत आले, पुन्हा ऐकलं. सगळे ठीक होते.

तेवढ्यात दादा हाशहुश करत आला. "साहेबांना कसंबसं समजावलं. रविवारी गाडी शोरूमला नेतो, अण्णा. त्यांना तिथं फोटो काढू द्या."

"मला काय विचारतोस?" अण्णा म्हणाले. "जिनं बांधली तिला विचार."

दादा चिमटीकडे वळला. बहिणीला काही विचारायची त्याला सवयच नव्हती. चिमटीनंच त्याची सुटका केली.

"नाही," ती म्हणाली.