फोटोपुरते यंत्र

मित्रांनो, मी एक जुने पेरणीयंत्र आहे. जुने खरे, पण माझ्या पोटात आजवर एक दाणासुद्धा पडलेला नाही. काम करून म्हातारपण येते असे तुम्हाला वाटत असेल. मला ते फोटो काढून घेता घेता आले.

एका वेल्डरने मला घडवले. माझ्या नळ्या सरळ आहेत ना, हे तो एक डोळा मिटून पुन्हा पुन्हा बघायचा. "नाव काढशील बघ," असे म्हणून त्याने मला थोपटले होते. बिचारा! मी कोणत्या धंद्याला लागणार, हे त्याला काय ठाऊक!

अवजारांच्या दुकानदाराने मला विकत घेतले. तेव्हा सरकार यंत्रासाठी अनुदान देत असे. शेतकऱ्याने यंत्राशेजारी उभे राहून फोटो काढायचा, की पैसे मंजूर. दुकानदाराने डोके चालवले. मला टेम्पोत घालून तो दारोदार फिरू लागला. प्रत्येक अंगणात माझ्यावर नवा नंबर रंगवायचा, फोटो काढायचा आणि मला परत टेम्पोत चढवायचे. अनुदानातले थोडे शेतकऱ्याच्या हातावर टेकवायचे, बाकीचे खिशात. सगळ्यांना हे माहीत होते आणि सगळे मूग गिळून गप्प होते.

एका बाईला मात्र माहीत नव्हते. तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा गेल्यापासून ती एकटीच वाकून हाताने बी टोकत असे. आता तिचा खांदा कामातून गेला होता. "यंदा तुला पेरता आलं नाही, तर शेत मी कसणार," असे दिराने बजावले होते. एकदा त्याच्या हातात गेलेले शेत परत येणार नाही, हे ती ओळखून होती.

मी येणार म्हणून तिने गोठ्याचा कोपरा झाडून ठेवला होता. शेजारीपाजारी बघायला जमले. माझा दांडा धरून ती तोंडभर हसली. इतक्या मायेने मला कोणीच धरले नव्हते. फोटो झाला तरी तिने दांडा सोडला नाही.

"सोडा आता वहिनी, टेम्पो खोळंबलाय."

"सोडू कशाला? माझंच आहे ना?"

"अहो, हे नमुन्याचं. तुमचं मागून येतंय."

शेजारी एकमेकांकडे बघून हसले. तिने दांडा सोडला.

पेरणी तोंडावर आली तरी काहीच आले नाही. शेवटी ती दुकानात आली. शेतीखात्याचे साहेब तिथे चहा पीत बसले होते.

"साहेब, मला यंत्र मिळालं नाही."

त्यांनी मोबाइल पुढे केला. "मिळालं नाही कसं? हा बघा फोटो. छान हसताय की!"

"ते हेच यंत्र! हे काय, इथं उभंय. मी ओळखते ना त्याला."

माझ्याकडे न बघताच साहेब म्हणाले, "सगळी यंत्रं सारखीच दिसतात, बाई."

मला तोंड असते तर मी ओरडले असते. ती गेली. तिचे शेत दिराने पेरले. आता ती त्याच शेतात मजुरीने निंदायला जाते, आणि मी दुकानामागे गंजत पडले आहे.

मित्रांनो, अवजारांना तेलपाणी करा, हे तुम्हाला तुमचे गुरुजी सांगतीलच. माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्या अंगणात असा कोणी फोटो काढायला आला, तर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा, "हे इथंच राहणार आहे ना?" मोठी माणसे डोळे वटारतील. तरीही विचारा. वहिनीच्या अंगणात त्या दिवशी इतकी माणसे होती. एकानेही विचारले नाही.