झोंबलं, पण वास नाही

घरभर गॅस पसरला होता आणि वस्ताद त्यातच मांडी घालून टेबलफॅन उघडून बसला होता. दुकानात जाताना बायको 'दुधाकडे बघा हं' म्हणून गेली होती. दूध उतू गेलं, शेगडी विझली, पण पलीकडच्या खोलीत त्याला पत्ताच नव्हता. तारा डागायच्या सोल्डर गनची पिन खोचून त्याने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात दारातून बायको किंचाळली, "हात लावू नका! कशालाच हात लावू नका!"

तिने खिडक्या उघडल्या, शेगडी बंद केली आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. दोघं जिन्यात बसली.

"अहो, मला खालच्या पायरीवर वास आला. तुम्ही आत बसलेले, तुम्हाला कसा नाही आला?"

"येत नाही मला वास," वस्ताद म्हणाला. "कशाचाच."

"कधीपासून?"

"सैन्याच्या तळावरून परत आलो, तेव्हापासून."

"मग रोज घरात पाऊल टाकल्याबरोबर 'वा, काय वास सुटलाय' म्हणता, ते?"

"आत भांडी वाजत असतात ना. त्यावरून."

बायको हसली नाही. ती उठून आत गेली आणि ते दूध तिने मोरीत ओतून टाकलं.

वस्ताद सैन्यात गाड्या दुरुस्त करायचा. हे नाव तिथेच पडलेलं. शेवटची नेमणूक एका उघड्या माळावरच्या तळावर होती. तळाचा सगळा कचरा एका मोठ्या खड्ड्यात जाळत. टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, प्लास्टिक, जे नको ते तिकडे. खड्डा कधी विझायचा नाही. वारा फिरला की काळा धूर थेट गाड्यांच्या शेडमध्ये घुसायचा. तिथेच शिंका सुरू झाल्या, मग नाक चोंदलं ते चोंदलंच. पण शिंका येतात म्हणून दवाखान्यात कोण जातो? गेलंच कोणी, तर 'नाकात पाणी मार आणि कामाला लाग' एवढंच औषध मिळायचं. त्यामुळे त्याच्या नाकाची नोंद कुठेच नव्हती.

घरी आल्यावरही नाकाने पिच्छा सोडला नाही. पहाटेपासून शिंकांची माळ, कपाळात ठणका, आडवं झालं की श्वास कोंडायचा. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा आणि दिवसभर चिडचिडा असायचा. एका कामावर टिकून बसवत नव्हतं. दुरुस्तीला आलेला पंखा उघडायचा, तो तसाच टाकून मिक्सर उघडायचा, मग उगाच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा.

"माजी सैनिकांच्या कार्यालयात अर्ज करा," दूध ओतून आल्यावर बायको म्हणाली. "निदान नीट तपासणी तरी होईल."

"शिंकांसाठी? तिथे पाय गेलेली माणसं येतात. त्यांच्या रांगेत मी नाक घेऊन उभा राहू?"

"आज माझं कुंकू गेलं असतं," ती म्हणाली.

अर्ज गेला. मेहुण्याला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "शिंकेला पेन्शन? मग माझ्या उचकीचंही बघा काही!" वस्तादने ते हसण्यावारी नेलं, पण मनातून तो खजील झाला. पुढे अर्ज फेटाळलाही गेला. ॲलर्जी कोणालाही होते, सेवेशी संबंध दिसत नाही, असा निरोप आला. अपील करायचं तर वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागणार होतं. कारकून म्हणाला, "तळावरचा एखादा सोबती साक्षीला आणा. त्याने काम सोपं होईल."

सोबती एकच जवळचा होता, भोंगा. आवाजामुळे हे नाव. शेडमध्ये दोघं एकाच गाडीखाली झोपून काम करत. भोंगा आता प्रवासी बस चालवायचा. वस्ताद त्याला डेपोत जाऊन भेटला. भोंग्याने मिठी मारली, चहा मागवला, आणि बोलता बोलता खिशातून छोटी बाटली काढून दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला.

"तुलाही?" वस्तादने विचारलं.

"हळू बोल." भोंग्याचा तो गडगडाटी आवाज एकदम खाली आला. "डेपोत कोणाला माहीत नाही."

वस्तादने साक्षीचं सांगितलं. भोंगा कप फिरवत राहिला.

"नाही जमणार, वस्ताद. तुझ्या बाजूने बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न मलाच विचारतील, तुझ्या नाकाचं काय? उद्या वैद्यकीय तपासणीत गाडी काढून घेतली तर घरच्यांना काय खायला घालू?"

"मी नेहमी तुझ्या बाजूने उभा राहिलो."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच मान वर करून बोलत नाहीये."

वस्ताद चहा न पिताच उठला. बससाठी न थांबता चालत घरी आला, आणि पुढचे कितीतरी दिवस घरातसुद्धा चालतच राहिला. खिडकीपाशी, दारापाशी, पुन्हा खिडकीपाशी. "बसा हो जरा, मलाच गरगरतंय," बायको म्हणायची. तो बसायचा, शिंकायचा आणि उठायचा.

मंडळाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी कुबड्या घेतलेला एक माणूस होता. "तुमचं काय?" त्याने विचारलं. वस्ताद चाचरत म्हणाला, "नाक." त्याला वाटलं, आता हा हसणार. माणूस एवढंच म्हणाला, "आत पंखा फार जोरात आहे. बंद करायला सांगा, नाहीतर तुम्हाला बोलू देणार नाही तो."

आत तिघं होते. मधली डॉक्टरीणबाई नाक-कान-घशाची. वस्तादने खड्ड्याचं सगळं सांगितलं.

"तुमच्याबरोबर आणखी कोणाला त्रास झाला?" कडेच्या अधिकाऱ्याने विचारलं. "नाव सांगा, आम्ही बोलावून घेऊ."

नाव जिभेच्या टोकावर आलं. एका शब्दाचं काम होतं.

"होता एक जण. पण नाव सांगणार नाही. त्याचं पोट त्याच्या कामावर आहे."

"मग तुमच्या बोलण्याला आधार काय?"

"माझ्याजवळ नाही, साहेब."

बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, दिवा लावून नाकात बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाशी धरली. "काही येतंय?" नाही. "आता?" नाही. तिसरी बाटली आली आणि नाकात सुई टोचल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी त्याला वाटलं, दम धरावा, हलू नये. हललो तर म्हणतील, याला सगळं येतं, नाटक करतोय. पण मान आपोआप मागे गेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"झोंबलं," तो म्हणाला. "वास नाही आला. पण झोंबलं."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि त्याला जायला सांगितलं. बाहेर बायको उभी होती. "घालवलं सगळं," तो तिला म्हणाला. "एका बाटलीने घात केला."

निकालाची वाट पाहताना त्याने पोस्टमनला नुसतं भंडावून सोडलं. शेवटी बोलावणं आलं. बाई एकट्याच होत्या.

"तुम्ही घाबरला होतात ना त्या बाटलीला?"

वस्तादने मान हलवली.

"ती अमोनियाची होती. अमोनिया वास गेलेल्यालाही झोंबतो, तो वेगळ्या नसेवर जातो. जे खोटं बोलतात ना, तेच म्हणतात, काही जाणवलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "नाकात दोन्ही बाजूंना गाठी वाढल्यात. आणि त्या तळावरून आलेले तुम्ही पहिले नाही. जुने अर्ज काढून पाहिले. खड्ड्याचं सगळ्यांनी हेच सांगितलंय."

नाकाचा आजार आणि गेलेला वास सेवेमुळे म्हणून मान्य झाले; डोकेदुखी आणि झोप नाही. त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागणार होता. वस्ताद परस्पर डेपोत गेला.

"तुझं नाव घेतलं नाही," त्याने भोंग्याला सांगितलं. "पण नाक दाखव बाबा. आत गाठी असतात."

"बघू," भोंगा म्हणाला. त्याने वस्तादचा हात हातात धरला आणि बस सुटायची शिट्टी होईपर्यंत सोडला नाही.

गाठी काढायचं ऑपरेशन झालं. वास परतेलच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि तो परतलाही नाही. पण पट्ट्या निघाल्यावर दुपारी वॉर्डात वस्ताद उताणा झोपला. बायको शेजारी संत्रं सोलत होती. खूप वेळ घोरणं नाही, शिंक नाही, काहीच आवाज नाही. ती घाबरून उठली आणि तिने त्याच्या नाकाशी तळहात धरला.

"आहे, आहे," तो डोळे न उघडताच म्हणाला. "झोपू दे."