बांधापलीकडचा सोयरा

मित्रांनो, मी एक जुनं बीट आहे. जुनं म्हणजे दोन वर्षांचं. आमच्यात ते म्हातारपणच. माझ्या सोबतिणी पहिल्याच शरदात हंड्यात गेल्या. मला मात्र आमच्या शेतकरणीनं, क्रीनानं, तळघरात वाळूत जपलं आणि वसंतात बियाण्यासाठी पुन्हा शेतात लावलं. मी बी धरणार, म्हणून स्वतःला बाईच समजते.

झीलंड या समुद्रकाठच्या सखल प्रांतातलं आमचं शेत समुद्राच्या बांधाला लागून आहे. बांधाखालून खारं पाणी झिरपतं. आणि बांधाच्या दगडांत राहतो माझा लांबचा नातलग, रानबीट. लाटा अंगावर घेऊनही त्याची पानं तुकतुकीत! क्रीनाचा धाकटा भाऊ मारीन येता-जाता म्हणायचा, "बघ गडी कसा समुद्रात पाय सोडून बसलाय! नाहीतर आपल्या बाईसाहेब. मिठाचा नुसता वास आला तरी चेहरा पडतो."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय हातावर हात ठेवून बसले होते? आमच्या प्रत्येक पेशीत एक कोठी असते. मुळांतून चढलेलं मीठ मी तिथं कोंडत होते. त्या मिठानं पेशीतलं बाकीचं पाणी ओढून नेऊ नये, म्हणून कोठीबाहेर वेगळी द्रव्यं तयार करून पाणी धरून ठेवत होते. त्यात माझी साखर खर्ची पडत होती. तोही हेच करतो, फक्त त्याला ते झटकन जमतं. एवढ्याशा फरकाचं केवढं कौतुक!

यंदा खार फार चढला. म्हाताऱ्या पानांत मीठ भरून मी ती एकेक गाळू लागले.

"मेली ही," मारीन म्हणाला. "उपट, आणि रान मेंढ्यांना सोडून दे."

"खालचीच पानं गेलीत रे. शेंडा बघ की," क्रीना म्हणाली.

पण दुसऱ्याच दिवशी तिनं रानबीटाला मुळासकट खणून आणलं आणि माझ्या शेजारी, वाऱ्याच्या बाजूला लावलं. माझी जागा गेली, असंच मला वाटलं. मी जळून खाक झाले.

"अगं, त्याचे पराग उडतील हिच्यावर!" मारीन ओरडला. "चांगलं वाण बाटवतेस?"

"उडू देत. त्यासाठीच आणलाय."

माझं बी भरलं. परवा क्रीनानं ते तळहातावर चोळून पाहिलं. "खार सोसणं त्याचं, गोडी हिची. पुढच्या साली हेच पेरायचं." मारीननं बियाण्याची पिशवी उघडून पुढं धरली.

मी आता वाळत चालले आहे. मित्रांनो, खालची पानं पिवळी दिसली म्हणून कुणाला उपटू नका, आधी शेंडा बघा. आणि माझी लेकरं तुमच्या ताटात आली, गोड लागली, तर नाव माझं आधी घ्या. क्रीनानं त्याचं आधी घेतलं, ते मी अजून विसरलेले नाही.