अक्षरांवर हात ठेवा, उजवीकडे वळा

मी एक जुना वाटदाखव्या दगड आहे. मित्रांनो, उत्तर इंग्लंडमधल्या एका उंच, उघड्या माळावर मी उभा आहे. माझ्याभोवती हेदरची खुरटी झुडपे, काळी ओली माती आणि वारा आहे. झाड एकही नाही.

माझा जन्मच घावांतून झाला. खाणीत माझ्या अंगात लोखंडी पाचरी ठोकल्या, तेव्हा मी डोंगरापासून तडकून वेगळा झालो. पाथरवटाने माझ्या तीन बाजूंवर तीन गावांची नावे खोदली. चौथी बाजू कोरी ठेवली, कारण त्या वाटेला गाव नव्हते, दलदल होती. आमच्या भागातल्या दगडांवर बाण नसतो. गावाच्या नावासमोर उभे राहायचे, अक्षरांवर हात ठेवायचा आणि उजवीकडे वळायचे. तीच त्या गावाची वाट. धुक्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून इथली माणसे मला बोटांनी वाचतात. हे कोणी शिकवावे लागत नाही. आईचे बोट धरून चालताना ते हातात उतरते.

मिठाची पोती लादलेली तट्टे माझ्याजवळून जात. मेंढ्या माझ्या अंगाला अंग घासत. माझ्या उत्तरेकडच्या बाजूवर शेवाळ धरले. ती माझी चांगली वर्षे होती.

मग एका जमीनदाराने माळ शिकारीसाठी बंद केला. माझ्यापासून थोड्या अंतरावर दगडी आडोसा बांधला गेला. दर ऑगस्टमध्ये तिथून बंदुका कडाडत आणि रानकोंबडे उडता उडता फुटत. एक माझ्यावर येऊन आदळला. त्याचे रक्त पावसाने धुतले, पण माझ्यात घुसलेले छर्रे अजून तसेच आहेत.

माळाचा रखवालदार होता एनॉक गार्साइड. त्याच्याजवळ ॲशच्या लाकडाची जाड काठी आणि मेग नावाची कुत्री असे. त्याचे घर स्टेनब्रिजच्या वाटेवर होते. स्टेनब्रिज हे कापडगिरण्यांचे गाव. आठवडाभर धुरात राबलेली तिथली माणसे रविवारी मोकळ्या हवेसाठी वर येत. त्यांत हेटी ऑलरेन्शॉ नावाची विणकरीण आणि तिचा भाऊ क्लेम नेहमी असत.

एका रविवारी गार्साइडने त्यांना माझ्यापाशीच गाठले.

“ए गिरणीवाले! पाखरं अंड्यांवर बसलीत. खाली उतरा.”

“आमच्या आज्याची वाट आहे ही,” क्लेम म्हणाला. “पाखरांना विचार, त्यांची हरकत आहे का.”

“वाट? घे, ही तुझी वाट!”

काठी हवेत फिरली. पहिला घाव क्लेमच्या खांद्यावर बसला. दुसरा त्याने हाताने अडवला आणि मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हेटीने गार्साइडच्या कपाळावर दगड मारला. तिघांचेही रक्त माझ्यावर उडाले. हेटीचे ओठातून, कारण मेगला आवरता आवरता ती माझ्यावर आपटली होती. क्लेम पुढे कित्येक महिने मागावर बसू शकला नाही.

गार्साइडचा राग तेवढ्याने शमला नाही. तो पहार, दोरखंड आणि घोडा घेऊन आला. मला मुळापासून हलवून त्याने अर्ध्या वळशाने फिरवले आणि माती दाबून टाकली. पहारीने माझा एक कोपरा उडाला.

“आता वाचा म्हणावं,” तो मेगला म्हणाला. “कमरेपर्यंत चिखलात बुडाले की पुन्हा माळाचं नाव घेणार नाहीत.”

आता स्टेनब्रिजच्या अक्षरांवरून उजवीकडे वळणारा माणूस सरळ दलदलीत जाणार होता. मित्रांनो, ज्याला जीभ नाही त्याच्या तोंडी खोटे घालणे किती सोपे असते!

शरदात पावसाने दलदल तुडुंब भरली. अशाच एका दुपारी हेटी आणि क्लेम पुन्हा आले. पाठोपाठ गार्साइडच्या आरोळ्या आल्या आणि त्यांच्याही मागून गारांचे वादळ आले. गारा सुईसारख्या आडव्या घुसत होत्या. क्लेमने डोळे मिटून माझी अक्षरे चाचपली आणि तो उजवीकडे वळला. हेटीने त्याची कॉलर धरली.

“थांब! याचं शेवाळ बघ. ते आडोशाच्या उलट बाजूला असायचं. आज आडोशाकडे तोंड करून आहे.”

“शेवाळाला काय पाय फुटले?”

“दगडाला फुटलेत. आणि बुडाशी माती बघ, नुकती उकरलेली आहे. चल, आडोशात चल आधी.”

ती दोघे भिंतीआड दबली, तोच गार्साइड आला. गारांनी त्याच्या भुवया फुटल्या होत्या. त्याला दिसत काहीच नव्हते. त्याचा तळहात माझ्या अक्षरांवर आला. मला फिरवणारा तोच हात होता. पण लहानपणापासूनची सवय त्या हातात होती, आणि केलेली लबाडी फक्त डोक्यात होती. त्या वादळात हाताने आधी निर्णय घेतला. तो उजवीकडे वळला.

“पुढे हो, मेग. घरी चल.”

आधी मेगचे केकाटणे ऐकू आले. मग त्याचे ओरडणे.

“मरू दे त्याला,” क्लेम म्हणाला. “माझं हाड अजून धड सांधलेलं नाही.”

“मग डाव्या हाताने ओढ.”

“हेटे, तुझ्या अंगात रक्त आहे का गिरणीचं पाणी?”

“नंतर भांड. चल!”

पुढचे मी फक्त ऐकले. चिखलाचे घुसळणे, शिव्या, आणि हेटीचा आवाज, “काठी पुढे कर! काठीचं टोक दे इकडे!” ज्या काठीने मनगट मोडले, त्याच काठीला धरून त्यांनी त्याला बाहेर खेचले. त्याचा खांदा निखळला, तेव्हा तो गुरासारखा हंबरला.

“मेग... आधी मेगला काढा.”

हेटी म्हणाली, “ती गेली, गार्साइड.”

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी सकाळी तो पहार घेऊन आला. एक हात गळ्यात बांधलेला. एकट्याने मी हलेना. तो तिथेच बसून राहिला. दुपारी ती दोघे वर आली, तेव्हा त्याने पहार क्लेमपुढे धरली.

क्लेमने ती बराच वेळ तोलून पाहिली. गार्साइडने डोके मागे घेतले नाही.

“तू उजव्या हाताने दाब,” शेवटी क्लेम म्हणाला, “मी डाव्याने. दोघांचा मिळून एक गडी होईल.”

“आणि मी काय शोभेला आहे?” म्हणत हेटीने खांदा लावला. शेवाळ पुन्हा उत्तरेला आले.

मित्रांनो, माळावर याल तेव्हा माझ्यासारख्या दगडांना धक्का लावू नका, आणि कोणी लावला असेल तर सरळ करा. माझ्या अक्षरांवर खुशाल हात ठेवा. पण वळण्याआधी माझ्या बुडाशी एकदा पाहा, माती जुनी आहे ना.

म्हातारा झाल्यावर गार्साइडही तेच करी. स्वच्छ उन्हातसुद्धा तो वाकून माती पाही, मग वळे. आणि वळण्याआधी दलदलीकडे तोंड करून एक हलकी शीळ घाली.