बघून सांगा

दवाखान्यातल्या नर्सेस तिला 'बसणाऱ्या ताई' म्हणायच्या. नाव थट्टेनं पडलं होतं, पण चुकीचं नव्हतं. कळा देणाऱ्या बाईजवळ बसणं हेच तिचं काम. ती सुईण नव्हती, नर्स नव्हती. इंजेक्शनला किंवा यंत्राला कधी हात लावायची नाही. बाईची कंबर चोळायची, घोटभर पाणी पाजायचं, डॉक्टर काय म्हणाले ते साध्या शब्दांत सांगायचं आणि बाळ हातात येईपर्यंत जागचं हलायचं नाही. अशा बाईला डूला म्हणतात, हे तिला स्वतःलाच चाळिशीला टेकल्यावर कळलं. नवऱ्यानं ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "नुसतं बसायचं? मग मला का नाही घेत? मला तर अनुभव दांडगा आहे."

ताईला या कामाची ओढ कुठून लागली, हे मात्र तो कधी थट्टेतही काढायचा नाही. बारा वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली होती. सगळं आटोपल्यावर नर्सनं बाळ कापडात गुंडाळलं, डॉक्टर हलक्या आवाजात काही बोलले, आणि सासूबाईच पुढं होऊन म्हणाल्या, "हिला दाखवू नका. बघितलं तर जन्मभर डोळ्यांसमोरून हलायचं नाही." मग त्या कापडामागोमाग बाहेर गेल्या आणि दार लागलं. ताई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. न बघितलेलं तोंडसुद्धा जन्मभर डोळ्यांसमोरून हलत नाही, हे तिला पुढं कळलं. पण तोवर विचारायची वेळ निघून गेली होती.

लोकांचं एक बरं असतं. दुसऱ्यानं आपलं दुःख कधी आवरतं घ्यावं, याचा मुहूर्त त्यांना अचूक ठाऊक असतो. दीड वर्षानं मुलगा झाला आणि घरादारानं सुटकेचा श्वास सोडला. ताईही कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसायला लागली. पँटी आखूड करायच्या, कंबरेला सैल करायचं, चेन बदलायची. तोंडातून ब्र काढला नाही. सासूबाईंशी तिचं वागणं चोख होतं, कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं. पण त्या दाराचा राग तिच्या मनातून गेला नव्हता, आणि तो जावा अशी तिची फारशी इच्छाही नव्हती.

मग एकदा शेजारणीला अवेळी कळा सुरू झाल्या. नवरा परगावी, माहेर लांब. ताई तिच्याबरोबर गेली आणि चौदा तास तिच्या उशाशी बसली. मुलगी झाली. थोरल्या सिस्टरनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, "हे शिकलात कुठं?" ताई म्हणाली, "माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं, त्यातूनच." सिस्टरनीच तिला प्रशिक्षणाचा पत्ता दिला. त्याला तीन वर्षं झाली होती आणि ताई चाळीसेक बायकांजवळ बसली होती.

तिची कामाची एक रीत होती. सातव्या महिन्यात ती बाईला एक कोरा कागद द्यायची आणि बाळंतपणाच्या वेळी काय हवं, काय नको, ते बाईच्याच हातानं लिहून घ्यायची. ऐन वेळी बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि बाकीचे सगळे तिच्या वतीनं बोलायला टपलेले असतात. तो कागद घेऊन ताई डॉक्टरांशीसुद्धा वाद घालायची.

शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईनंही असा कागद दिला होता. अक्षर मोत्यासारखं, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. पहिलाच मुद्दा होता, 'बाळ जन्मल्याबरोबर माझ्या छातीवर द्यावे. आधी कुणी पुसू नये, नेऊ नये.'

आठवा महिना संपताना एका सकाळी तिचा फोन आला. "ताई, बाळाचे ठोके थांबलेत," ती म्हणाली. आवाज फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवताना असावा तसा सपाट होता. "आज दाखल करून घेतायत. तुमचं काम आता राहिलं नाही म्हणा. पण याल का?"

"निघालेच," ताई म्हणाली. दुकानाच्या मालकिणीला तिनं फक्त "जाते" म्हणून सांगितलं. तिचा चेहरा बघून मालकिणीनं मशीनवरची पँट स्वतःकडं ओढून घेतली.

खोली मुद्दाम टोकाची दिली होती, तरी शेजारून एका तान्ह्याचं रडणं यायचंच. मास्तरीणबाईचा नवरा खिडकीशी उभा राहून पडद्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत होता. ताईनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. औषधानं कळा सुरू झाल्या होत्या. जिवंत बाळाच्या असोत की नसोत, कळा तेवढ्याच येतात; त्यात कुणी सूट देत नाही. ताई कंबर दाबत राहिली, श्वास मोजत राहिली. पण हात काम करत असताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होत होती. या खोलीतून बाळ आईनं बघितल्याशिवाय जाणार नाही. दारात आडवी पडेन, पण जाऊ देणार नाही.

दुपारी डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. दोन कळांच्या मध्ये मास्तरीणबाई म्हणाली, "मला बघायचं नाहीये."

नवऱ्यानं होकारार्थी मान हलवली. ताईला वाटलं, यानंच तिला पढवलंय. तिनं पिशवीतून कागद काढला. "बाई, तुम्हीच लिहून दिलंय. छातीवर द्यावे, कुणी नेऊ नये."

"ते ज्या बाईनं लिहिलं, तिचं बाळ जिवंत होतं."

"आत्ता नको वाटतं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला ते कळत नव्हतं. "पण आत्ता नाही बघितलं, तर पुन्हा कधीच बघता येणार नाही. उरलेला जन्म विचार करत बसाल, नाक कसं होतं, हात कसे होते. माझं ऐका. कुणाच्या सांगण्यावरून नको म्हणू नका."

मास्तरीणबाईनं तिच्याकडं बघितलं. कळ येत होती, तरी ती नजर वळवेना. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता माझ्याजवळ बसलाय की स्वतःजवळ?"

मग कळ आली आणि तिनं डोळे मिटले. ताईचा हात तिच्या कंबरेवर तसाच राहिला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांपूर्वी एक बाई दुसऱ्या बाईच्या वतीनं दाखवू नका म्हणाली होती. आज ती स्वतः दाखवा म्हणून हट्टाला पेटली होती. पलंगावरच्या बाईला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. तिनं कागदाची घडी करून पिशवीत टाकली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

अडीचच्या सुमाराला मुलगा झाला. सिस्टरनी त्याला पुसून मऊ कापडात गुंडाळलं आणि त्या दाराकडं वळल्या. ताई जागची हलली नाही. तिनं दात घट्ट आवळून धरले होते.

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते. "ताई, तुम्ही बघा. बघून मला सांगा."

सिस्टरनी बाळ ताईच्या हातात दिलं. ताई पुन्हा खुर्चीवर बसली. तिनं कापडाची कड बोटानं बाजूला केली. "केस आहेत," ती म्हणाली. "दाट नाहीत, पण आहेत. मानेवर ओले चिकटलेत. कपाळ मोठं आहे."

"पुढे."

"नाक बसकं. उजव्या कानाची पाळी थोडी दुमडलेली आहे." नवरा खिडकीपासून वळला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडं गेला. "बोटं लांब आहेत. नखं आलीत, पातळ. ओठ काळसर झालेत, खोटं नाही सांगत. पण चेहरा शांत आहे. दुखल्यासारखा नाही."

"गार आहे का?"

"नाही. तुमची ऊब आहे अजून."

मास्तरीणबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं. तिनं ते पुसलं नाही. मग म्हणाली, "दिसला मला. आता न्या." बाप पुढं आला आणि बाळ घेऊन तोच सिस्टरबरोबर गेला. ताई आणखी तीन तास बसली. निघताना मास्तरीणबाईनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताई घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. चपला काढून ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसली. दाराचा राग अजून होताच. पण दारापलीकडं काय झालं, हे आपण बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही, हे तिला वाटेत चालताना पहिल्यांदा जाणवलं होतं.

"आई, तुम्ही तिला बघितलं होतं ना? माझ्या मुलीला."

सासूबाईंचा हात शेंगेवरच थांबला. "बघितलं होतं."

"मी भांडायला नाही आले. कशी होती, तेवढं सांगा."

"मीच दाखवू नका म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या. "मग कुठल्या तोंडानं आपणहून सांगणार होते? तू विचारशील म्हणून वाट बघितली. नंतर वाटलं, विसरली असेल." त्यांनी ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले. "गोरी होती. भुवया अशा, कुणी काढल्यासारख्या. हनुवटी अगदी तुझी. नाक माझ्यावर गेलं होतं, आता तू म्हणशील म्हातारीला सगळीकडं आपलंच नाक दिसतं. डोळे मिटलेले होते, ते नाही सांगता येणार."

ताईला रडू आवरेना आणि तिनं ते आवरलंही नाही. तिच्या पाठीवर हात ठेवायला सासूबाईंना उठून यावं लागलं. गुडघे दुखत असूनही त्या तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या.

"एकटी नाही ठेवली गं तिला," त्या म्हणाल्या. "तिला पुरायला नेणारी माणसं यायला तास लागला. तोवर मांडीवर घेऊन बसले होते मी."