शाल्मलीची कुपी

रत्नप्रभाबाईंचा नेमच तसा. घरात नवं काही आलं, मग ती साडी असो की कुकर, आधी देवापुढे ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, मगच वापरायला काढायचं. त्यामुळे चैत्रातल्या एकादशीला सकाळी बोरी अरबच्या घरी कुरिअरवाला थर्माकोलचा डबा ठेवून गेला, तेव्हा पुढचं सारं हाताच्या सवयीनेच झालं.

डबा लेकीचा होता. शाल्मली यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत बीजपेशींवर, म्हणजे ज्यांच्यातून पुढची पिढी जन्मते त्या पेशींवर, काम करायची. जोडून सुट्या आल्या, तिथे कुलूप, म्हणून तिने घरचा पत्ता दिला होता. ती स्वतः नागपूरहून त्याच दुपारी परतणार होती. "आई, डबा सावलीत ठेव. उघडू नको," एवढं तिने बजावलं होतं.

पण बंद डब्याला कुंकू लावून देवाला काय दाखवायचं? बाईंनी चिकटपट्टी सोडवली, झाकण काढून ठेवलं. आतून पांढरी वाफ निघाली. मधोमध बोटाच्या पेराएवढी कुपी. बाईंनी डब्याच्या कडेला कुंकू लावलं, हात जोडले आणि जपाला बसल्या.

उठून पाहतात तर काय! पार्सल एक दिवस उशिरा आलेलं, कोरडा बर्फ आधीच थोडा उरलेला. आता तर तळाशी सुपारीएवढे चार खडे. तेवढ्यात फोन वाजला. शाल्मलीच.

"झाकण लावून टाक," बाईंचे यजमान नीळकंठराव दबक्या आवाजात म्हणाले. "कायले सांगतं? तिले काय समजते!"

"आत्ता देवापुढून उठली मी, अन् लगेच खोटं बोलू? उद्या प्रयोग बिघडला तर पोरगी आपलीच चूक हुडकत बसंन."

त्यांनी फोन घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

"आई, चार महिने वाट पाहिली गं मी त्याची," शाल्मलीचा आवाज बारीक झाला. "किती वेळ उघडा होता?"

"पाच माळा अन् आरती."

"मिनिटं सांग ना, मिनिटं!"

नीळकंठरावांनी फोन ओढून घेतला. "बत्तीस मिनिटं. सदतीस वर्षं झाली, ते झाल्याबिगर मले चहा भेटत नाही. एका मिनिटाचा फरक नाही पडत."

शाल्मलीला रडता रडता हसू आलं. "बरं, कुपीत पाहा. गोठलेलंच आहे का?"

"गारेसारखं पांढरं हाय," बाई म्हणाल्या.

"मग वाचलंय. पण मला पोचायला तीन तास. तेवढा बर्फ टिकणार नाही, घरच्या फ्रीजरने भागणार नाही."

"अन् लाइन तर सकाळपासून गेली हाय," नीळकंठरावांनी भर घातली.

बाई डब्यातल्या वाफेकडे पाहत राहिल्या. अशी वाफ त्यांनी कुठे पाहिली होती? शेजारच्या शकुबाईंच्या गोठ्यात! गाई-म्हशी भरवायला येणाऱ्या भावसिंगने टाकीचं बूच काढलं होतं तेव्हा.

"शालू, वळूचं बीज ठेवते ते टाकी चालंन काय?"

"नायट्रोजन!" शाल्मली बसमध्येच ओरडली. "आई, पळ! फक्त बुडवू नका म्हणावं. वरच्यावर वाफेत टांगा."

निरोप मिळताच भावसिंग आपल्या रिक्षात टाकी घेऊनच आला. कुपीवरचं 'ह्यूमन' वाचून त्याने डोकं खाजवलं. "याडी," तो रत्नप्रभाबाईंना बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईच म्हणायचा, "मानसाचं हाय म्हनते हे? माह्या टाकीत तर सारे वळू हायत!"

बाईही चपापल्या. माणसाचं, आणि आपण देवापुढे ठेवलं? त्यांनी पुन्हा फोन लावला.

"अगं, माणसातून काढलेलं नाही," शाल्मलीने समजावलं. "माणसाच्या जनुकाची नक्कल घेतात, तिच्यावरून गव्हाच्या अंकुराच्या अर्कात हे प्रथिन बनवतात. बीजपेशीतली काही जनुकं कधी बंद ठेवायची, ते हे ठरवतं. रखवालदार समज."

"गव्हाच्या?" बाईंचा चेहरा पडला. "आज एकादशी अन् घरात..."

"तुले खायला नाही सांगितलं कोणी!" नीळकंठराव म्हणाले, आणि भावसिंग टाकीला टेकून हसत सुटला.

कुपीला दोरा बांधून ती टाकीच्या गळ्यात टांगली. शाल्मली आता घरी न येता यवतमाळलाच उतरून चौकीदाराकडून प्रयोगशाळा उघडवून घेणार होती. टाकी आडवी झाली तर घात, म्हणून उपाशीपोटी बाई स्वतः रिक्षात बसल्या, दोन्ही हातांनी तिला मांडीशी धरून. दारव्हा रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्या "हळू रे बाप्पा, हळू" म्हणायच्या, आणि भावसिंग "म्हशीवाले वाट पाहून राह्यले याडी" म्हणत हळूच चालवायचा. यवतमाळला प्रयोगशाळेच्या पायरीवर शाल्मली उभीच होती. तिने कुपी उजेडात धरली. वर पांढरं दव, आत घट्ट. आईच्या गळ्यात पडण्याआधी तिने धावत जाऊन ती मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवली, आणि बाईंना त्याचंच जास्त बरं वाटलं.

शुक्रवारी फोन आला. "आई, चाललं! डीएनएवर जिथे चिकटायला हवं तिथेच जाऊन चिकटलं."

बाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि ती वाटी घेऊन शकुबाईंच्या गोठ्यात गेल्या. भावसिंग हात धूत होता.

"वहीत सारं लिहिलं म्हने शालूनं," त्या म्हणाल्या. "झाकण उघडं राह्यलं ते बी, तुह्या टाकीचं बी."

"अन् वळूंचं?" भावसिंगने साखर तोंडात टाकत विचारलं. "दिवसभर जागा कोनं दिली मंग?"

बाईंनी त्याच्या तळहातावर आणखी एक चिमूट ठेवली. "हे त्यायची," म्हणाल्या.