शेजारचा चौकोन

सकाळी डोळे उघडले की माणूस आधी फोन बघतो. बद्रीनाथही बघायचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती, बायको जाऊन दोन. मुलगा पुण्याला. चिकलठाण्याच्या त्या दोन खोल्यांत त्याला सकाळी हाक मारणारं दुसरं होतं तरी कोण? त्या दिवशी शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर काकासाहेबाचा निरोप होता, "आपले तात्यासर गेले." खाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. बद्रीनाथनं डोळे पुसले, आपलेही दोन हात त्या रांगेत लावले आणि चहाचं आधण ठेवलं. मंडळी, त्याला एकट्याला नावं ठेवू नका. आपण सगळे हेच करतो.

तात्यासर म्हणजे तात्यासाहेब. शाळेचे मुख्याध्यापक आणि खो-खोचे मास्तर, दोन्ही एकच. लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, पोलीस ॲक्शननंतर मराठीत आले. म्हणून मैदानावर हजेरी घेताना पोरांना 'हाजिर' म्हणायला लावायचे. दिवसभर खुर्चीत बसून शाळा हाकायची आणि सकाळ-संध्याकाळ गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभं राहायचं, अशी त्यांची तीस वर्षं गेली. लग्न केलं नाही. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. गर्दी मायंदळ. काकासाहेब आता मोठा गुत्तेदार, म्हणजे सरकारी कामांचा ठेकेदार, त्यानंच हार, खुर्च्या, माईक सगळं बघितलं. जो तो उठून सांगत होता, मी जो काही आहे तो सरांमुळं. बद्रीनाथची पाळी आली. तो कधी बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी बोलला.

"बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आहे," तो म्हणाला. "खो-खोत आठ गडी रांगेनं आपापल्या चौकोनात बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एखादा पोरगा आला नाही, तर सर त्याच्या जागी दुसरा बसवत नसत. चौकोन रिकामाच ठेवायचे. पाठलाग करणारा तिथपर्यंत यायचा आणि खो द्यायला गडीच नसायचा. सगळा डाव तिथं अडखळायचा. सर म्हणायचे, अडखळू द्या, तो नाही हे कळू द्या. आणि संध्याकाळी, त्या रिकाम्या चौकोनाच्या शेजारी जो बसतो त्यानं त्याच्या घरी जाऊन विचारायचं, असा नियमच होता. माझ्या शेजारी शेंद्र्याचा मुंजाबा बसायचा. तो आठ दिवस आला नाही. मी सरांची सायकल घेऊन गेलो, तर हा गडी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेला. हाताला फोड आलेले. मला बघून रडायलाच लागला. म्हणाला, मला वाटलं माझं नाव काढलं. मी येऊन सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी सगळ्या संघाचा सराव काम सुटल्यावर, दिवस मावळायच्या आत ठेवला. एका पोरासाठी."

हॉल टाळ्यांनी दणाणला. काकासाहेबानं तर उठून मिठी मारली. बद्रीनाथला बरं वाटलं. बायको गेल्यापासून इतकी माणसं त्याच्याशी बोललीच नव्हती.

लोक पांगल्यावर तो चपला शोधत होता, तेव्हा दाराशी साळूबाई भेटली. शाळेतली जुनी शिपाईण. निवृत्त झाल्यावरही सरांचं स्वयंपाकपाणी तीच बघायची. आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेली असेल.

"लई चांगलं बोल्लास, बद्री," ती म्हणाली. "समदं खरं बोल्लास."

"सरच तसे होते, मावशी."

"व्हय. मग सरांचा चौकोन रिकामा पडला तवा कोन गेलं?"

बद्रीनाथच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. बद्रीनाथ रोज सकाळी याच मैदानावर फिरायला यायचा. निवृत्त झाल्यापासून सर तिथं लिंबाखालच्या ओट्यावर बसलेले असायचे. हा हात जोडायचा, ते मान हलवायचे, की झालं. दिवाळीनंतर ओटा रिकामा दिसायला लागला. यानं बघितलं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, थंडी आहे. महिन्यानं वाटलं, पैठणला भाच्याकडं गेले असतील. मग ओट्याकडं बघायची सवयच मोडली. मागच्या गल्लीत जायला दोन मिनिटं लागली असती.

"दिवाळीच्या पाडव्याला पाय घसरला," साळूबाई म्हणाली. "खुबा मोडला. तवापासून खाटंवर. चार म्हैने."

"मला निरोप का नाही धाडला, मावशी?"

"मी दोनदा म्हनलं, धाडते. नको म्हनले. म्हनले, म्या कधी पोराला निरोप धाडून बोलावलं नाय, मानूस धाडलं. मंग मला इचारलं, मैदानावर फिरायला कोन येतं गं? म्या म्हनलं, बद्री येतो की रोज. तर म्हनले, मंग येईल तो."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"चार म्हैने हेच म्हनले, बाबा. सकाळच्याला चहा घेताना रोज. बद्री येतो ना? मंग येईल."

बद्रीनाथ तिथंच पायरीवर बसला. त्याला भडभडून आलं. आत हॉलमध्ये खुर्च्या गोळा करण्याचा आवाज येत होता. मघाच्या टाळ्या त्याला आता नकोशा झाल्या होत्या.

"आता काय करू, मावशी? सर तर गेले."

"सर गेले. पर नियम तर हाये की," ती म्हणाली. "आज समदे आलते. कोन नव्हतं, ते बघितलंस का?"

बद्रीनाथनं आठवून बघितलं. त्या संघातले हयात असलेले सगळे आले होते. नव्हता फक्त मुंजाबा. ज्याची गोष्ट सांगून यानं टाळ्या घेतल्या, तोच. आणि तो आलेला नाही, हे याच्या ध्यानातही आलं नव्हतं! भांडण नव्हतं, काही नव्हतं. शेवटची भेट मुंजाबाच्या पोराच्या लग्नात, म्हणजे अकरा-बारा वर्षांमागं. त्यानंतर जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला न जाता तो एस.टी.त बसला. शेंद्रा ओळखू येत नव्हतं. मेंढरं चारायची ती माळरानं कारखान्यांच्या कुंपणात गेली होती. विचारत विचारत घर सापडलं. दाराशी खाटेवर मुंजाबा बसलेला. पोरगा कारखान्याच्या पाळीवर, सून कामाला. दिवसभर घरात तो एकटाच. पावलांच्या आवाजाच्या रोखानं त्यानं तोंड वळवलं, आणि बद्रीनाथच्या लक्षात आलं की याला दिसत नाही.

"कोन हाये?"

"मी बद्री."

मुंजाबानं हात पुढं केला, याचा हात चाचपला आणि धरूनच ठेवला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये," तो म्हणाला. "पोराला सुटी भेटत नाय. फोन हाये, पर अक्षर दिसत नाय, मंग ठुलाय कोनाड्यात. बस. सर कसे हायेत?"

मंडळी, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

"सर गेले, मुंजा. परवा."

मुंजाबानं विचारलं, "तू व्हतास का जवळ?"

खोटं बोलता आलं असतं. समोरच्याला दिसतही नव्हतं.

"नव्हतो. चार महिने ते खाटेवर होते, माझी वाट बघत होते. मी रोज मैदानावर जात होतो आणि गेलो नाही."

मुंजाबानं हात सोडला नाही. "बहात्तरला तू आलतास," तो म्हणाला. "त्या सालाला तू आला नसतास तर म्या शाळा सोडली आसती. ते बी हाये. आता रडू नको."

पण दोघंही रडले. बद्रीनाथ सरांसाठी रडला, आणि त्यांनी चहा घेताना रोज काढलेल्या आपल्या नावासाठीही.

त्याच आठवड्यात बद्रीनाथ मुंजाबाला घाटीच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला घेऊन गेला. आता रविवारी दोघं लिंबाखालच्या ओट्यावर बसतात. सरांची जागा मधे मोकळी सोडतात. ग्रुपवर कुणी चार दिवस बोललं नाही, की बद्रीनाथ पिशवी उचलून त्याच्या घरी जातो. काकासाहेब हसतो, म्हणतो, फोन कर की लेका. बद्रीनाथ फोन करत नाही. असं घरोघर जाऊन सर परत येणार नाहीत, आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

मंडळी, गेलेल्या माणसाला हार घालायला आपण कामं टाकून जातो, आणि असलेल्या माणसाच्या दारात जायला दोन मिनिटं काढत नाही. ही सवय मोडायला हवी, आणि त्यासाठी शोकसभेची वाट बघायला नको. रोज दिसणारं कुणी दिसेनासं झालं असेल, तर दुसरं कुणी त्याच्याकडं जाऊन आलं असेल असं समजू नका. तो तुमची वाट बघत असेल. घरात कुणाला तरी सांगत असेल, येईल तो.

उठा, आणि जाऊन या.